‘लोकशाही इंग्रजांनी दिली’ म्हणता? पण त्यांच्याकडे ती आली केव्हा?

१/ #थ्रेड
निवडणुका जवळ आल्या की समाजमाध्यमांवर एक वाक्य हमखास उगवते : ‘इंग्रज आले नसते तर आपल्याला मत म्हणजे काय हेही कळले नसते.’ त्यावर दुसरा पक्ष तावातावाने उत्तरतो : ‘आमच्याकडे हजारो वर्षांपासून लोकशाही होती, इंग्रजांचे नाव काढू नका.’ या दोन पक्षांत एक विलक्षण साम्य आहे. इंग्लंडचा इतिहास दोघांनीही वाचलेला नसतो.

२/ म्हणून आजचा थ्रेड इंग्लंडच्या राजकीय संस्कृतीवर. पंतप्रधानांच्या नामावळीवर नव्हे. निवडणुकीच्या दिवशी रस्त्यावर काय घडे, दारू कोण पाजी, ज्याला मत नव्हते तो काय करी, मागणी नाकारली गेली की लोक पुढे काय करत, या गोष्टींवर. आणि हो, थ्रेड भांडखोर आहे. ज्यांना सुवर्णमध्य हवा असेल त्यांनी पुढे सरकावे.

३/ जेम्स व्हर्नन या इतिहासकाराचे ‘पॉलिटिक्स अँड द पीपल’ हे पुस्तक १९९३ साली आले. काळ साधारण १८१५ ते १८६७. त्याने लंडनच्या पार्लमेंटमध्ये बसून हा इतिहास लिहिला नाही. बोस्टन, लुइस, ओल्डहॅम, टॉवर हॅम्लेट्स आणि डेव्हन असे पाच मतदारसंघ निवडले आणि तेथील मिरवणुका, फलक, गाणी, सभा, नगरभवने यांचा कागद न् कागद पाहिला. त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्या पाठ्यपुस्तकी समजुतीला सरळ छेद देणारा आहे.

४/ आपली समजूत अशी : १८३२ चा सुधारणा कायदा, मग १८६७, मग १८८४, मग १९१८, म्हणजे पायरीपायरीने लोकशाही वर चढत गेली. व्हर्नन म्हणतो, मतदारांची संख्या वाढली हे खरे, परंतु त्याच काळात सामान्य माणसाला राजकारणात असलेली जागा आक्रसत गेली. कायद्यांनी राजकारण शिस्तीचे केले, खोलीत बंद केले आणि पुरुषांपुरते केले.

५/ हे समजण्यासाठी जुनी इंग्रजी निवडणूक डोळ्यांसमोर आणा. चौकात लाकडी मंच उभारलेला. त्याला ‘हस्टिंग्ज’ म्हणत. उमेदवार त्यावर उभा राहून भाषण करी आणि खालची गर्दी त्याला प्रश्न विचारी, शिव्या घाली, प्रसंगी कुजक्या भाज्या फेकी. नाव सुचवले गेले की आधी हात वर करून कौल घेतला जाई. त्या गर्दीत मत असलेले आणि नसलेले सारेच असत. हा कौल अमान्य वाटला तर उमेदवार रीतसर मतदान मागे. ते मतदानही उघड असे. मतदार मंचावर जाऊन मोठ्याने नाव सांगे. कोणी कोणाला मत दिले याची छापील पुस्तके नंतर बाजारात विकली जात!

६/ आमच्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, तमाशाचे फड, कुस्त्या आणि त्याच गर्दीत पुढाऱ्यांची भाषणे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी निवडणुकीची वर्णने वाचताना मला तीच धूळ आठवते. ‘सुसंस्कृत इंग्लंड आणि अडाणी हिंदुस्थान’ ही विभागणी त्या वर्णनांपुढे टिकत नाही. दारू, पैसा, जमीनदाराचा दाब, गुंड, वाजंत्री : आज आपण ज्याला ‘आपल्याकडचा दोष’ म्हणून नाक मुरडतो, ते सारे तेथे राजरोस चाले.

७/ गुप्त मतदान इंग्लंडमध्ये १८७२ साली आले. उमेदवाराच्या खर्चावर खरी मर्यादा १८८३ साली आली. म्हणजे पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन होऊन दोन वर्षे लोटेपर्यंत इंग्लंडचा मतदार आपल्या जमीनदारासमोर उभा राहून मोठ्याने मत सांगत होता. ‘लोकशाहीची जननी’ हे बिरूद मिरवताना हा तपशील कोणीच सांगत नाही.

८/ आणि १८३२ चा तो प्रसिद्ध कायदा? त्याआधी ओल्ड सॅरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकाडाचे दोन खासदार पार्लमेंटात बसत आणि मँचेस्टरसारख्या भरभराटीच्या शहराचा स्वतःचा एकही नसे. कायद्याने हे पुसले, ठीक. पण त्यानंतरही इंग्लंड-वेल्समधील प्रौढ पुरुषांपैकी साधारण पाचांतील एकालाच मत मिळाले. शिवाय मतदार म्हणजे ‘पुरुष व्यक्ती’ हे शब्द कायद्याने तेव्हाच पहिल्यांदा स्पष्ट लिहिले. सुधारणेच्या नावाखाली स्त्रियांना दार लावले गेले, तेही सुबक इंग्रजीत.

९/ मग तेथे लोकशाही आणली कोणी? ज्यांना मत नव्हते त्यांनी. तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहा.
जून १८१८ : दुसरा बाजीराव शरण येतो, पेशवाई संपते.
१६ ऑगस्ट १८१९ : मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकार मागायला जमलेल्या निःशस्त्र गर्दीवर घोडेस्वार तलवारी घेऊन तुटून पडतात. पंधरा ते अठरा माणसे मरतात, शेकडो जखमी होतात. ‘पीटरलू’ ते हेच.
पेशवाई बुडवणारे सरकार पुढच्याच वर्षी स्वतःच्या विणकरांना मत मागितले म्हणून कापत होते.

१०/ पुढे चार्टिस्ट चळवळ. १८३८ ची ‘जनतेची सनद’, तीत सहा मागण्या : प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदाराला वेतन, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट रद्द, समान मतदारसंघ, दरवर्षी निवडणूक. १८३९ च्या अर्जावर साडेबारा लाखांहून अधिक सह्या. १८४२ च्या अर्जावर तेहतीस लाखांहून अधिक. १८४८ साली तिसरा अर्ज. तिन्ही वेळा पार्लमेंटने पाठ फिरवली. १० एप्रिल १८४८ रोजी केनिंग्टन मैदानावर चार्टिस्ट जमणार म्हणून राणीला वाइट बेटावर हलवण्यात आले आणि लंडनच्या रक्षणाची जबाबदारी वृद्ध वेलिंग्टनवर सोपवली गेली. होय, तोच आर्थर वेल्स्ली. १८०३ साली आपल्या मराठवाड्याच्या सीमेवर असईला लढलेला.

११/ आता त्याच १८४८ च्या वसंतात मुंबईत काय चालले होते? ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकहितवादींची पत्रे सुरू झाली होती. त्या पत्रांत पार्लमेंटविषयी लिहिलेले आहे आणि हिंदुस्थानालाही तशी सभा असावी ही कल्पनाही आहे. म्हणजे लंडनचा कामगार आणि पुण्याकडचा एक लेखक एकाच सुमारास एकाच दाराकडे बोट दाखवत होते. ते दार दोघांनाही बंद होते. हे साम्य न पाहता ‘त्यांनी दिले, आपण घेतले’ असे म्हणणे म्हणजे एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला दुकानदार ठरवणे होय.

१२/ जोतीराव फुल्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. तरुणपणी त्यांच्या हाती टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ आले, हे सर्वांना पाठ असते. पण पेनचे पुढे काय झाले हे क्वचितच कोणी सांगते. याच पुस्तकासाठी १७९२ साली इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला राजद्रोही लिखाणाबद्दल, त्याच्या गैरहजेरीत, दोषी ठरवले. पेन फ्रान्सला निघून गेला होता. म्हणजे फुल्यांनी इंग्लंडकडून जे घेतले ते इंग्लंडच्या सरकारने देऊ केलेले नव्हतेच. सरकारने गुन्हा ठरवलेले त्यांनी उचलले. येथे ‘दिले’ हे क्रियापद बसते का, तुम्हीच सांगा.

१३/ ब्रिटिश राजकीय संस्कृतीचा आणखी एक अभ्यासक, माइल्स टेलर. त्याचे सुरुवातीचे काम इंग्लंडमधील जहाल राजकारणावर आणि अर्नेस्ट जोन्स या चार्टिस्ट नेत्यावर. हा जोन्स १८४८ ते १८५० तुरुंगात होता. १८५७ साली इंग्लंडची वृत्तपत्रे सूडाची भाषा बोलत असताना त्याने हिंदी बंडखोरांची बाजू घेतली आणि आपली जुनी दीर्घ कविता ‘द रिव्होल्ट ऑफ हिंदोस्थान’ या नावाने पुन्हा छापली. टेलर पुढे याच वाटेने थेट हिंदुस्थानात पोचला. २०१८ चे त्याचे पुस्तक आहे ‘एम्प्रेस : क्वीन व्हिक्टोरिया अँड इंडिया’.

१४/ त्या पुस्तकातून मला मिळालेली दृष्टी अशी : राणी येथे केवळ नाण्यावरचा मुखवटा नव्हती. हिंदी लोकांनी तिचा राजकीय वापर केला. १८५८ च्या जाहीरनाम्यात वंश-धर्मभेद न करता नोकऱ्या देण्याचे आश्वासन होते. आपल्या नेमस्तांनी ते वाक्य सनदेसारखे घट्ट धरले आणि पुढची पन्नास वर्षे सरकारच्या तोंडावर फेकले. याला भोळी राजनिष्ठा म्हणणाऱ्यांनी चार्टिस्टांकडे पाहावे. तेही पार्लमेंटला अर्जच करत होते. अर्ज हे शरणागतीचे चिन्ह नसते. नकार लेखी मिळवण्याचे ते साधन असते.

१५/ १८८८ साली पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. जोतीराव तेथे शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि जरीच्या पोशाखातल्या मंडळींकडे पाहून देशाचा अंदाज बांधू नका, खरा देश खेड्यात आहे, या आशयाचे भाषण केले. लंडनच्या राजदरबारी नाटकात आपला प्रवेश त्यांनी असा घुसडला. ही राजकीय संस्कृतीच. फक्त ती शिकवणीच्या नोट्समध्ये ‘समाजसुधारक’ या शीर्षकाखाली दोन गुणांसाठी दडपलेली असते.

१६/ पुण्याच्या सार्वजनिक सभेचेही असेच. २ एप्रिल १८७० ही स्थापनेची तारीख सर्वांना ठाऊक असते. तिचा नियम मात्र क्वचित सांगितला जातो : सभासद होणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. म्हणजे मी कोणासाठी बोलतो याचा लेखी पुरावा. मताधिकार देणारा कोणताही कायदा नसताना प्रतिनिधित्वाचे हे यंत्र पुण्यातल्या लोकांनी स्वतः बनवले. १८७५ साली याच सभेने ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानला प्रतिनिधित्व द्या असा अर्ज हाउस ऑफ कॉमन्सकडे पाठवला. उत्तर काय आले असेल, ते चार्टिस्टांना विचारा.

१७/ आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण टाळ्या एकाच बाजूने पडू नयेत. ‘आमच्या गावगाड्यात लोकशाही होतीच.’ गोतसभा होत्या, महजर होत, त्यावर पाटील-कुणब्याची नांगराची निशाणी असे, बलुतेदारही साक्षीला असत. हे सारे खरे. पण तेथे निवाडा होई तो वतनाचा, शिवेचा, मानपानाचा. प्रत्येकाची जागा जन्माने ठरलेली. ‘माझे मत आणि पाटलाचे मत एकाच किमतीचे’ हा विचार त्यात नाही. तो विचार इंग्लंडच्या जुन्या परंपरेतही नव्हता आणि आपल्याही नव्हता. दोन्हीकडे तो भांडून आणावा लागला.

१८/ १९१८ हे एक वर्ष मात्र फुरसतीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये नवा कायदा झाला : एकवीस वर्षांवरील जवळजवळ सर्व पुरुषांना मत, आणि तीस वर्षांवरील स्त्रियांना मालमत्तेच्या अटीसह. त्याखालची पहिली सार्वत्रिक निवडणूक १४ डिसेंबरला झाली. तेव्हा लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते ऑक्टोबरअखेर तेथे पोचले. पुढे खटला हरले, पण वर्षभर राहून मजूर पक्षाच्या नेत्यांशी त्यांनी संबंध जोडले. साठी ओलांडलेला, मंडालेचा तुरुंग भोगलेला हा माणूस ब्रिटनची लोकशाही पाहत होता तेव्हा ती लोकशाही जेमतेम काही महिन्यांची होती.

१९/ त्याच १९१८ साली ब्रिटिश सरकारने आणखी एका माणसाला काहीतरी दिले. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याला ‘हिज एग्झॉल्टेड हायनेस’ हा किताब आणि ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हे बिरूद. नांदेड, लातूर, कंधार, लोहा ही सारी गावे त्या दोस्ताच्या राज्यात.
स्वतःच्या जनतेला मत आणि आमच्या राजाला किताब. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना इंग्रजांनी ‘दिलेली’ लोकशाही ती ही.

२०/ म्हणून म्हणतो, पुण्या-मुंबईच्या लोकांनी ‘इंग्रजांनी दिली’ म्हटले तर ते निदान अर्धसत्य आहे. मराठवाड्याच्या पोराने म्हटले तर तो विनोद आहे. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड-पुसदचा मुलूख वऱ्हाडात, इंग्रजी कारभाराखाली. तेथे सभा भरत, वृत्तपत्रे निघत, मर्यादित का होईना निवडणुका होत. अलीकडे आमच्या बाजूला ‘गश्ती निशाण ५३’ : परवानगीवाचून सभा नाही. एकाच नदीचे दोन काठ. आणि अलीकडच्या काठावरच्या सिंहासनामागे फौज कोणाची होती? तैनाती फौजेच्या करारापासून इंग्रजांचीच.

२१/ तरीही आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ती भाषा मिळवली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३८ साली स्टेट काँग्रेस रीतसर जन्मण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्यांची मागणी होती ‘जबाबदार राज्यपद्धती’. हा शब्दप्रयोग कोठून आला ठाऊक आहे? कॅनडातील वसाहतींच्या भांडणातून. १८३९ च्या डरहॅम अहवालाने तो साम्राज्यभर पसरवला. कॅनडा, लंडन, पुणे आणि मग परतूर. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी ती मागणी घेऊन तुरुंगात गेले. हा शब्द त्यांना कोणी भेट पाठवला नव्हता. ज्यांच्या राज्यात तो उच्चारायला बंदी होती त्यांनी तो उचलला.

२२/ आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि येथे मी अजिबात मवाळ होणार नाही. ‘प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत’ ही कल्पना इंग्रजांनी आणली का? १९१९ साली साउथबरो समितीपुढे मताधिकारावर साक्ष देणारे डॉ. आंबेडकर १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागतात. १७ मे १९२९ रोजी आपल्या स्वतंत्र अहवालात तीच मागणी सविस्तर मांडतात. आणि ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत देता आलेली पहिली सार्वत्रिक निवडणूक कोणत्या दिवशी झाली? ३० मे १९२९. बाबासाहेबांच्या अहवालानंतर तेरा दिवसांनी.

२३/ तीन वर्षांनी, १९३२ साली, मताधिकारासाठीच नेमलेली लोथियन समिती सांगते की हिंदुस्थानात प्रौढ मताधिकार व्यवहार्य नाही. लोक निरक्षर, यंत्रणा अपुरी. १९३५ च्या कायद्याने मत मिळाले ते तीन-साडेतीन कोटी लोकांना, मालमत्ता आणि शिक्षणाच्या चाळणीतून. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, राज्यघटना पुरी होण्याआधी, संविधान सभेच्या सचिवालयाने साऱ्या प्रौढांच्या मतदार याद्यांचे काम हाती घेतले. ऑर्नित शानी यांच्या ‘हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ या पुस्तकात ही हकिगत आहे. जे काम साम्राज्याने अशक्य ठरवले होते ते येथल्या कारकुनांनी, तलाठ्यांनी, दारोदार फिरणाऱ्या माणसांनी केले. सतरा कोटींहून अधिक मतदार.

२४/ एक शेवटची तारीख, मग हवे तितके भांडा. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या पदवीधरांना आणि धंद्याच्या जागा असणाऱ्यांना दुसरे मत देता येई. म्हणजे काही माणसांना दोन मते! ही पद्धत १९४८ च्या कायद्याने मोडली आणि ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वावरची त्यांची पहिली सार्वत्रिक निवडणूक फेब्रुवारी १९५० मध्ये झाली. आपली पहिली १९५१-५२ ची. मधले अंतर दोन वर्षांचे. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला कंधारचा शेतमजूर आणि ऑक्सफर्डचा प्राध्यापक समान किमतीचे मतदार झाले ते जवळजवळ एकाच वेळी.

२५/ ‘मग हे सारे आपल्याला का सांगितले जात नाही?’ हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. माझे उत्तर : कारण आपण इंग्लंडचा अभ्यास सोडून दिला. ते पुण्यावर लिहितात, मुंबईवर लिहितात, आपल्या पागोट्यांवर आणि पंचायतींवर प्रबंध करतात. आपल्याकडे कोणी विद्यार्थ्याने ‘मला लँकेशायरच्या निवडणुकांवर काम करायचे आहे’ म्हटले तर भुवया उंचावतात : ‘अरे, तुझा काय संबंध?’ ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले त्यांच्याशी आपला संबंध नाही म्हणे! लोकहितवादी, रानडे, टिळक, आंबेडकर हे सारे इंग्लंडचे कसून वाचन करणारे होते. म्हणूनच त्यांना इंग्लंडशी वाद घालता आला.

२६/ साधनांची सबबही आता पुरी चालत नाही. हॅन्सार्ड, म्हणजे पार्लमेंटच्या भाषणांचा १८०३ पासूनचा संग्रह, इंटरनेटवर फुकट आहे. लोह्याच्या बसस्टँडवर गाडीची वाट पाहतानाही मोबाइलवर वाचता येतो. ‘दख्खन’, ‘निजाम’, ‘बेरार’ असे शब्द टाकून शोधा. आपल्या पणजोबांच्या करावर तेथे कोण काय बोलत होते ते दिसेल, आणि ते ऐकायला सभागृहात किती थोडे लोक थांबत हेही कळेल.

२७/ आणि हे काम एकाच दिशेचे नसावे. व्हर्ननने लुइससारख्या छोट्या गावाची मिरवणूक, बँड, फलक, घोषणा जपून वाचल्या, तेव्हा त्याच्या हाती अख्ख्या देशाचा इतिहास लागला. कंधार-लोह्याच्या पहिल्या निवडणुकीचे तसे वाचन अजून व्हायचे आहे. शेकापच्या सभा, भाई केशवराव धोंडग्यांची भाषणे, माळेगावच्या यात्रेतला प्रचार, प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी, पहिल्यांदा मत द्यायला निघालेल्या बाया. त्या पिढीतली फार थोडी माणसे आता उरली आहेत.
तुमच्या घरात १९५२ साली मत दिलेले कोणी असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा. मतपेटी कशी होती, रांगेत कोण पुढे होते, पाटील काय म्हणाला होता, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि या थ्रेडखाली टाका. जुन्या पत्रिका, हँडबिले, मतदार यादीची पाने असतील तर त्यांचे फोटोही.